गोवा म्हटले की माड आलाच

घरगुती पदार्थ विकणाऱ्या माणसाला हल्ली पदार्थ उत्तम करता येणे पुरेसे होत नाही. त्याला छायाचित्रकार, लेखक, निवेदक, संगीतकार आणि संकलकही व्हावे लागते, आणि ही पाचही माणसे एका मोबाइलमध्ये सुखाने नांदतात असे सांगणारी ऑनलाइन साधने पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी उगवली आहेत. ‘काही मिनिटांत व्यावसायिक दर्जाचा व्हिडिओ’ हे त्या सर्वांचे समान वचन आहे. ती मिनिटे कोणाच्या घड्याळातली, याचा खुलासा मात्र कोठेही केलेला नसतो.

माझ्या वहिनी फोंड्याला खाजे करतात. बेसनाच्या बारीक कांड्या तळून त्या आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या आणि वर तीळ पेरायचे, एवढाच हा पदार्थ. पण जत्रेहून परतलेल्या गोमंतकीयाच्या हातात खाज्याची पुडी नसेल, तर तो खरोखरच जत्रेला गेला होता यावर घरातली माणसे विश्वास ठेवत नाहीत. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, मानकुराद आंब्याला २०२३ साली मिळाले, आणि आपले खाजेही त्या मानाच्या पंगतीत जाऊन बसले. तेव्हा जगाने त्याची दखल घ्यावी असे वहिनींना वाटू लागले. “भावजी, तुम्ही दिवसभर संगणकासमोरच असता, तेवढे एक रील करून द्या,” असे त्या म्हणाल्या. मी हिशेब खात्यात आहे. पण संगणकासमोर बसणाऱ्याला संगणकातले सर्व काही येते, ही आमच्या घराण्याची जुनी श्रद्धा आहे.

पहिल्या साधनाने विषय विचारला. मी ‘गोव्यातील पारंपरिक मिठाई’ असे लिहिले. त्याने ‘पारंपरिक’ आणि ‘मिठाई’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवले आणि ‘गोवा’ तेवढा घेतला. पडद्यावर निळा समुद्र, वाकलेला माड, गॉगल घातलेले अननस आणि त्याखाली खाज्यासाठी राखून ठेवलेली एक रिकामी चौकट अवतरली. मी माड पुसला, तर त्याच्या जागी छत्री आली. छत्री पुसली, तर तिच्या सावलीतल्या खुर्च्या तशाच राहिल्या. वहिनींनी चष्मा सारखा करून ते चित्र पाहिले आणि म्हणाल्या, “हांव नारळ विकना, खाजें विकतां.” फोंडा तालुक्यातली देवळे, तळी, दीपमाळा, जत्रेत ओळीने बसलेले खाजेकार, यांपैकी काहीही त्या साधनाच्या भांडारात नव्हते. ‘देऊळ’ असे स्वतंत्रपणे शोधल्यावर दक्षिणेकडची उंच गोपुरे तेवढी मिळाली, आणि ‘मिठाई’ म्हटल्यावर गुलाबजाम.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेला चित्र काढायला सांगितले. तिने खाजे म्हणून बटाट्याचे लांबट तळलेले काप काढले, आणि ते ज्या बाईच्या हातात दिले तिची साडी बंगाली पद्धतीची होती. पाठीमागे, अर्थातच, समुद्र होता.

शेवटी खरे चित्रीकरण करावे असे ठरले आणि माघातल्या म्हार्दोळच्या जत्रेत मी मोबाइल घेऊन उभा राहिलो. मोबाइल उभाच धरायचा असतो, हे मला एव्हाना कळले होते. २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले, आणि तेव्हापासून अवघा देश १०८० बाय १९२० च्या उभ्या फटीतून जगाकडे पाहू लागला. आडव्या पसरलेल्या जत्रेने या फटीत कसे मावावे, हा तिचा प्रश्न. चित्रण तसे बरे झाले. परंतु शेजारच्या खेळण्यांच्या दुकानात कर्ण्यावर चित्रपटगीत लागले होते, आणि ते कोणाच्या तरी मालकीचे असल्यामुळे व्हिडिओ चढवताच त्याचा आवाज बंद करण्यात आला. जत्रा मुकी झाली. म्हणून मी साधनाच्या संगीतभांडारात ‘गोवा’ असे शोधले. नव्वदच्या दशकात हणजुणेच्या किनाऱ्यावरील रात्रींतून जगभर गेलेला ‘गोवा ट्रान्स’ नावाचा एक संगीतप्रकार आहे. भांडारात त्याचे असंख्य तुकडे होते. त्याच्या ठोक्यांवर वहिनी पाक ढवळताना अशा काही दिसल्या की, कढईत गुळाखेरीज आणखी काय आहे असा संशय कोणालाही यावा. घुमट या आमच्या मातीच्या तालवाद्याचा एकही तुकडा तेथे नव्हता. अखेरीस भजनी मंडळातल्या शेजाऱ्याला ओसरीवर बसवून त्याच्याकडून घुमट वाजवून घेतले आणि मोबदल्यात त्याला पावशेर खाजे दिले. या संपूर्ण व्यवहारातला स्वामित्वहक्काचा एवढाच करार मला नीट समजला.

मजकुराचे प्रकरण अधिक गंभीर होते. लेखन करून देणाऱ्या यंत्राने क्षणार्धात लिहिले : ‘चवीच्या या रोमांचक प्रवासात आपले स्वागत आहे! परंपरेला आधुनिकतेचा स्पर्श देणारे आमचे खाजे आपला अनुभव नव्या उंचीवर नेतील.’ यात खाजे काढून पंखा, विमा किंवा प्लायवूड घातले असते तरी चालले असते. ‘किंमत आणि वजन सांगा’ असे मी सुचवले, तेव्हा त्याने तत्परतेने क्षमा मागितली आणि पुन्हा तोच मजकूर एका अग्निबाणाच्या चिन्हासह दिला. त्याची नम्रता इतकी अथांग आहे की, त्याच्याशी भांडण करण्याचे समाधानही मिळत नाही.

तो मजकूर बाजूला सारून मी स्वतः चार ओळी लिहिल्या आणि त्या चित्रावर चढवल्या. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्यात पहिली वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर, आणि ती अक्षराच्या आधी आणून दाखवणे हे लिपी मांडणाऱ्या प्रणालीचे काम असते. आमच्या साधनाने ते काम अंगावर घेतले नव्हते. वेलांट्या अक्षरांच्या उजवीकडे ताटकळत राहिल्या आणि ‘गोव्याच्या’ मधली जोडाक्षरे पाय मोडून पडली. जे वळणदार टंक मनात भरत, त्यांत मराठी अक्षरेच नसत. ज्यांत ती असत, त्यांवर इवलासा मुकुट असे. मुकुट म्हणजे पैसे भरा. पैसे भरले.

निवेदनासाठी यंत्राचा आवाज वापरून पाहिला. त्या बाई ‘गूल’ आणि ‘तील’ असे इतक्या गोड आवाजात म्हणत होत्या की, मी मोहात पडलो होतो. वहिनींनी मात्र मोबाइल हातातून घेतला आणि स्वतःच बोलल्या. मग त्यांच्या बोलण्याखाली आपोआप उमटणारी अक्षरे पाहिली. ‘आमचे खाजे ताजे आणि कुरकुरीत असतात’ या सरळ विधानाचे तेथे ‘आमचे खाजगी ताजे आणि कुरकुरीत असतात’ असे झाले होते. मी ती अक्षरे बंदच करून टाकली.

व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर पहिली विचारणा नागपूरहून आली : यात फेणी असते का, आणि तुमचे दुकान कोणत्या बीचवर आहे? वहिनींनी उत्तर सांगितले, मी ते टंकले : “फेणी नसते. फोंड्याला समुद्र नाही. अर्धा किलोपासून पाठवतो, टपालखर्च वेगळा पडेल.” ते पाठवण्याआधी साधनाने विचारले की, हा मजकूर अधिक उत्साही करून देऊ का? मी वहिनींकडे पाहिले.

“नको,” त्या म्हणाल्या, “टपालखर्च आधी भरायला सांगा, तेवढे घाला.”