‘माल्मोत पोलीसही पाय ठेवत नाहीत’: फिरत्या संदेशाचा मुद्देसूद प्रतिवाद

स्वीडनमधील माल्मो शहराविषयीचा एक संदेश मराठी व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून नव्याने उगवतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण सांगणे तेच असते. स्थलांतरितांनी हे शहर ताब्यात घेतले आहे. काही वस्त्यांत पोलीस आणि रुग्णवाहिका शिरतच नाहीत. सरकार या लोकांना आयुष्यभर बसून पोसते. त्यांच्यासाठी चालवलेल्या मदतयोजनांचा काडीचाही उपयोग झालेला नाही. आणि म्हणून आपली भारतीय मंडळीही तिथून पळ काढत आहेत. यातील बहुतेक विधानांत सत्याचा थोडासा अंश आहे आणि म्हणूनच तो संदेश खपतो. हा अंश कुठे संपतो, ते एकेक दावा घेऊन पाहावे लागेल.

शहर ताब्यात गेल्याचा दावा सर्वांत ढोबळ आहे, त्यामुळे तो लवकर निकालात निघतो. माल्मोची लोकसंख्या साडेतीन लाखांहून अधिक असून त्यांतील सुमारे एकतृतीयांश लोक परदेशात जन्मलेले आहेत. परंतु त्यांत इराक आणि सीरियातून आलेल्यांबरोबरच पोलंड, पूर्वीचा युगोस्लाव्हिया आणि चक्क शेजारचा डेन्मार्क येथील लोकही मोठ्या संख्येने आहेत. 2000 मध्ये माल्मोला डेन्मार्कशी जोडणारा ओरेसुंड पूल खुला झाल्यावर अनेक डॅनिश कुटुंबे स्वस्त घरांसाठी इकडे राहायला आली. पालिकेची सूत्रे 1994 पासून निवडून आलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाकडे आहेत. ज्याला ‘ताबा’ म्हणावे असे यात काही दिसत नाही.

पोलिसांविषयीचा दावा अधिक गंभीर आहे. स्वीडिश पोलीस 2015 पासून सामाजिकदृष्ट्या बिकट आणि गुन्हेगारीचा प्रभाव असलेल्या वस्त्यांची यादी काढतात. 2023 च्या यादीत देशभरातील 59 वस्त्या होत्या आणि त्यांपैकी 17 सर्वाधिक गंभीर गटात होत्या. साक्षीदार न्यायालयात बोलायला धजावत नाहीत आणि पोलिसांना काम करणे अवघड जाते, हे त्या गंभीर गटाचे निकषच आहेत. संदेश लिहिणाऱ्यांनी ‘अवघड जाते’ याचे ‘जातच नाहीत’ करून टाकले. प्रत्यक्षात एखादी वस्ती यादीत आली की तिथे गस्त, कॅमेरे आणि स्थानिक पोलिसांची नेमणूक वाढवली जाते. एप्रिल 2022 मध्ये कुराण जाळण्याच्या प्रकारानंतर माल्मोसह अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि देशभरात शंभरच्या वर पोलीस जखमी झाले. जे पोलीस वस्तीत गेलेच नाहीत ते तिथे दगड खाऊन जखमी कसे झाले, याचे उत्तर संदेशाने द्यावे.

रुग्णवाहिकेबाबत मात्र तक्रारीला आधार आहे. धोक्याची सूचना असेल तर रुग्णवाहिकेचे कर्मचारी ठरलेल्या ठिकाणी थांबून पोलिसांची वाट पाहतात आणि मगच पुढे जातात. रुग्णाच्या दृष्टीने ही काही मिनिटे जीवघेणी ठरू शकतात, आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनेने याविषयी जाहीर आवाज उठवलेला आहे. आपत्कालीन सेवांवरील हल्ल्यांसाठी 1 जानेवारी 2020 पासून स्वतंत्र गुन्हा लागू झाला, आणि त्याच्या गंभीर प्रकाराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. हे सारे खरे असले, तरी ‘पोलिसांसोबत जाणे’ आणि ‘न जाणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे, तर संदेशात कधीही न येणारी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. माल्मोतील स्थलांतरितांनाच लक्ष्य करून दीर्घकाळ गोळीबार करणारा पेटर मांग्स हा स्थानिक माणूस 2010 मध्ये पकडला गेला आणि दोन खून व अनेक खुनांच्या प्रयत्नांबद्दल त्याला जन्मठेप झाली. त्या काळात बसथांब्यावर उभे राहायला कोण घाबरत होते, हे वेगळे सांगायला नको.

‘आयुष्यभर बसून पोसतात’ या दाव्याचे उत्तर आकड्यांत आहे. आश्रयासाठी अर्ज केलेल्या एकट्या प्रौढाला, जेवणाची सोय नसेल तर, दिवसाला 71 क्रोनर (स्वीडनचे चलन) मिळतात. जेवण मिळत असेल तर 24. ही रक्कम 1994 पासून बदललेली नाही. माल्मोतल्या मोलेवोंगेन भागातील चौकात फलाफल (हरभऱ्याचे वडे) गुंडाळलेली एक पोळी घेतली की दिवसाच्या 71 क्रोनरांतले बरेचसे तिथेच संपतात. निर्वासित म्हणून परवाना मिळाल्यावर रोजगार खात्याच्या दोन वर्षांच्या कार्यक्रमात जावे लागते. त्यात स्वीडिश भाषेचे वर्ग, नोकरीची तयारी आणि समाजव्यवस्थेची ओळख असते, आणि त्यासाठी आठवड्यातील पाच दिवस रोजी 308 क्रोनर मिळतात. हजेरी चुकली तर भत्ता कापला जाऊ शकतो.

त्यानंतरही उत्पन्न नसेल तर पालिकेच्या समाजसेवा विभागाकडून निर्वाहसाहाय्य मिळते, परंतु ते एकदा मंजूर झाले की कायमचे असे नसते. अर्ज दर महिन्याला नव्याने करायचा असतो. त्यासोबत बँकेचे उतारे लागतात, घरभाड्याची पावती लागते आणि त्या महिन्यात कुठेकुठे नोकरीसाठी अर्ज केले याचा तपशीलही लागतो. खात्यात बचत दिसली तर आधी ती संपवा असे सांगितले जाते. हाच नियम स्वीडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही लागू आहे, ही गोष्ट संदेशातून सोयीस्करपणे गळते. काही कुटुंबे वर्षानुवर्षे या साहाय्यावर राहतात हे नाकारता येत नाही, आणि स्वीडिश राजकारणात त्यावर कडाक्याचे वाद चालतात.

‘मदतयोजनांचा उपयोग शून्य’ हा दावा मात्र सविस्तर तपासण्याजोगा आहे. स्वीडनच्या गुन्हे प्रतिबंध परिषदेच्या 2021 च्या अहवालानुसार, गुन्ह्यात संशयित म्हणून नोंद होण्याची शक्यता परदेशात जन्मलेल्यांच्या बाबतीत स्वीडिश आईवडिलांच्या मुलांपेक्षा सुमारे अडीचपट आहे, आणि परदेशी आईवडिलांच्या पोटी स्वीडनमध्ये जन्मलेल्यांच्या बाबतीत सुमारे तिप्पट. आकडा झाकण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे, की शहराने त्यावर काय केले.

2018 मध्ये पालिका, पोलीस आणि कारागृह व परिवीक्षा (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवण्याची व्यवस्था) विभागाने माल्मोत ‘स्लूता श्यूत’ म्हणजे ‘गोळीबार थांबवा’ हा उपक्रम सुरू केला. ही पद्धत मुळात बोस्टनची. टोळ्यांशी संबंध असलेले आणि परिवीक्षेत असलेले तरुण एका बैठकीला बोलावले जातात. तिथे पोलीस त्यांना तोंडावर सांगतात, की पुढचा गोळीबार ज्या टोळीकडून होईल तिच्या सगळ्याच सदस्यांच्या मागे आम्ही लागू. त्याच बैठकीत समाजसेवा विभागाचा माणूस सांगतो, की बाहेर पडायचे असेल तर या क्रमांकावर फोन करा, घर, शिक्षण, काम यांची सोय पाहू. वस्तीतील माणसेही बोलतात. धमकी आणि मदतीचा हात एकाच खोलीत, एकाच वेळी पुढे येतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. माल्मोत 2017 मध्ये साठहून अधिक गोळीबार झाले होते. 2020 पर्यंत तो आकडा विसाच्या आसपास आला. संपूर्ण घट याच उपक्रमामुळे झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु 2022 मध्ये देशभरात गोळीबारांत साठहून अधिक माणसे मारली गेली, तेव्हाही माल्मोतील गोळीबार 2017 च्या तुलनेत बरेच कमी होते, आणि पुढे हीच पद्धत इतर शहरांत नेण्याचा निर्णय झाला. ‘शून्य’ याला म्हणत नाहीत.

सगळेच काम असे नाट्यमय नसते. माल्मोच्या रुसेनगोर्ड वस्तीत 2010 मध्ये ‘याल्ला त्राप्पान’ हा महिलांचा सामाजिक उद्योग उभा राहिला. नोकरीच्या बाजारात ज्यांना कुणी विचारत नव्हते अशा, कमी शिकलेल्या स्थलांतरित स्त्रियांना तिथे स्वयंपाकघरात, खानपानसेवेत आणि शिवणकामात पगारी काम मिळते. आयकिया या फर्निचर कंपनीच्या दुकानात ग्राहकांनी घेतलेले पडदे त्यांच्या मापाने कापून शिवून देण्याचे कामही या स्त्रियांनी केले आहे. बाळंतपणाच्या रजेवरील मातांना तान्ह्या मुलांसह विनाशुल्क जाऊन बसता येते अशा बालवाड्या आहेत. नव्याने आलेल्या आणि घरात एकट्या पडलेल्या बाईची शहराशी पहिली ओळख बरेचदा तिथल्या बडबडगीतांतून होते. घरात मारहाण होत असेल तर पालिकेचे संकटकेंद्र आहे. भाषा येत नसेल तिथे सरकारी कार्यालयाने दुभाषा द्यावा, ही कायद्यातील तरतूद आहे. कमतरता कुठे असेल तर ती दुभाष्यांच्या दर्जात आणि प्रतीक्षायाद्यांत आहे, आणि टीका करायचीच असेल तर ती तिथे करावी.

राहिली भारतीयांची गोष्ट. स्वीडनमध्ये भारतात जन्मलेले पन्नास हजारांहून अधिक लोक आहेत, आणि माल्मो व शेजारच्या लुंडमधील तंत्रज्ञान कंपन्यांत मराठी माणसेही आहेत. 2024 च्या पहिल्या सहामाहीत देश सोडणाऱ्या भारतीयांची संख्या येणाऱ्यांपेक्षा जास्त झाली, हे खरे आहे. सुमारे 2,800 जणांची बाहेर पडल्याची नोंद झाली. परंतु भीतीचे कारण जोडण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. नोव्हेंबर 2023 पासून कामाच्या परवान्यासाठी पगाराची किमान अट देशाच्या मध्यक वेतनाच्या (निम्म्या लोकांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळते त्या पगाराच्या) 80 टक्के इतकी वाढवण्यात आली. शिवाय त्याच काळात करखाते लोकनोंदणीतील जुन्या नोंदी दुरुस्त करीत होते, त्यामुळे आधीच निघून गेलेले काही जणही याच आकड्यात आले. आणि जे तिथे राहिले आहेत, त्यांच्या लोकनोंदणी झालेल्या जोडीदारांना पालिकेचे तेच विनाशुल्क स्वीडिश भाषेचे वर्ग खुले आहेत, ज्यांत सीरियाहून आलेला निर्वासितही शेजारच्या बाकावर बसलेला असतो.