दुसरा प्रश्न कुठे जातो?

स्वतंत्र माध्यमांच्या बाजूने मी कायम बोलत आलेय आणि यापुढेही बोलेन. सरकारच्या आणि जाहिरातदारांच्या ओंजळीने पाणी न पिणारी पत्रकारिता टिकवायची तर आपण प्रेक्षकांनीच खिशात हात घालायला हवा, म्हणून दोन ठिकाणची वर्गणी मी दरवर्षी भरते. हे आधी सांगतेय, कारण पुढचं वाचून काहीजण मला लगेच 'भक्त' ठरवून मोकळे होतील.

माझी तक्रार याच माध्यमांतल्या राजकीय मुलाखतींबद्दल आहे.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी माझ्या आवडत्या एका यूट्यूब चॅनेलवर सत्ताधारी पक्षाचे एक नेते आले होते. विषय लाडकी बहीण. महिन्याला १५०० रुपये देणार, ते आणणार कुठून? कुठल्या खात्याचा निधी वळवणार? नेत्यांनी बगल दिली. मुलाखतकाराने तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी केंद्राच्या योजना सांगायला सुरुवात केली, तेव्हा मध्येच थांबवून तिसऱ्यांदा विचारला. पत्रकारिता अशीच असते, म्हणून मी तो व्हिडिओ चार ग्रुपवर पाठवला.

थोड्याच दिवसांत महाविकास आघाडीने महिन्याला ३००० रुपयांचं आश्वासन दिलं आणि आघाडीचे एक नेते त्याच खुर्चीत येऊन बसले. पैसे कुठून, हे इथेही विचारलं गेलं. नेते म्हणाले, "आम्ही भ्रष्टाचार थांबवू, पैसा आपोआप उभा राहील." मुलाखतकाराने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न टाकला, "प्रचारात लोकांचा प्रतिसाद कसा आहे?"

एक कोटी महिलांना महिन्याला ३००० म्हणजे वर्षाला ३६ हजार कोटी रुपये. लाडकी बहीणच्या लाभार्थी तर दोन कोटींच्या वर होत्या. एवढ्या रकमेवर एक उपप्रश्नसुद्धा नाही? जे १५०० ला विचारलं, ते ३००० ला दुप्पट जोराने विचारायला हवं होतं.

पक्षपात दिसतो तो इथे. पहिला प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर टाळलं गेल्यावर दुसरा कोणाला विचारला जातो आणि कोणाला सोडून दिलं जातं, ते बघा. २००७ मध्ये पत्रकार करण थापर यांनी गुजरात दंगलीचा विषय सोडला नाही आणि नरेंद्र मोदी काही मिनिटांत मुलाखत अर्धवट टाकून उठले. २०१४ मध्ये अर्णब गोस्वामींनी राहुल गांधींना तेच तेच प्रश्न फिरून फिरून विचारले. २०१९ च्या निवडणुकीत अक्षय कुमारने पंतप्रधानांना आंबा कसा खाता ते विचारलं, तेव्हा आपण सगळे त्यावर तुटून पडलो, आणि ते योग्यच होतं. मग आपल्या आवडत्या नेत्याला लोकांच्या प्रतिसादाबद्दल विचारलं जातं तेव्हा आपण गप्प का? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय पत्रकारितेत चालू नये.

यावर ठरलेलं उत्तर येतं की प्रश्न सत्तेला विचारायचे असतात. मान्य. पण सत्ता फक्त दिल्लीत असते का? २०१९ च्या नोव्हेंबरपासून जून २०२२ पर्यंत महाराष्ट्रात कोणाचं सरकार होतं? कर्नाटकात आणि तेलंगणात २०२३ पासून काँग्रेसचं सरकार आहे. या सत्तेचा हिशेब कोण मागणार?

भाजपचे मोठे नेते या स्वतंत्र माध्यमांकडे फिरकत नाहीत, हेही खरं, आणि त्यात दोष त्या नेत्यांचा आहे. १७ मे २०१९ च्या पत्रकार परिषदेत पंतप्रधान स्वतः हजर होते, तरी प्रश्नांची उत्तरं अमित शहांनीच दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूजक्लिक या वृत्त-संकेतस्थळावर धाडी पडल्या, संस्थापकाला यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. ती अटक सर्वोच्च न्यायालयाने पुढे मे २०२४ मध्ये बेकायदा ठरवली, पण तोवर सात महिने गेले होते. अशा दडपणाखाली काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एक बाजू येतच नाही म्हणून जी येते तिला मोकळं सोडायचं, हे मला पटत नाही. उलट समोर बसलेल्याला जास्त कसून विचारायला हवं, कारण दुसरं कोणी तेच प्रश्न प्रामाणिकपणे विचारणार नाही. टीव्हीवाले विचारतील ते ओरडून.

आणि यात आपलाही वाटा आहे. विरोधी नेत्याला कोणी जरा खिंडीत गाठलं की खाली कमेंट बघा. "तुम्हीपण विकले गेलात", "आजपासून अनसबस्क्राइब". जाहिरातदाराच्या दबावातून सुटलेला संपादक मग आपल्या रागाला घाबरायला लागतो. वर्गणी बंद झाली तर पगार कुठून द्यायचे, ही त्याची खरीखुरी अडचण आहे. आपण पैसे मोजतो ते पत्रकारितेसाठी. आपल्या मनासारखं ऐकायला मिळावं म्हणून मोजत असू, तर आपण नव्या जाहिरातदाराच्या जागी येऊन बसलोय.

या वर्षीची वर्गणी भरताना मी त्या चॅनेलच्या संपादकांना मेल केलाय. मुलाखतीसाठी कोणाकोणाला बोलावलं आणि कोणी नकार दिला, हे तारखेसकट व्हिडिओच्या सुरुवातीला सांगा. पाहुण्याने 'हा विषय नको' अशी अट घातली असेल, तर तीही सांगा. आणि त्या नेत्यांना परत बोलावून भ्रष्टाचार थांबवून नेमके किती कोटी वाचणार होते, ते विचारा. त्यांनी बगल दिली, तर पुन्हा विचारा.