एक्स-रे साफ आला, म्हणून मज्जारज्जू शाबूत?

एक संदेश बराच फिरतो आहे: "पडल्यावर एक्स-रे नॉर्मल आला की मणक्याची चिंता सोडा. मज्जारज्जूला मार बसला असता तर माणूस जागीच लुळा पडला असता. लहान मुलांची हाडं तर लवचिकच असतात. हातापायांना मुंग्या आल्या तर चोळून द्या आणि चालायला लावा."

एक्स-रेत हाडं दिसतात. मणक्यांच्या आतून जाणारा नसांचा दोर, म्हणजे मज्जारज्जू, दिसत नाही. त्याला आलेली सूज, त्यातला रक्तस्राव, ताणलेले अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) यांतलं काहीच त्या फिल्मवर उमटत नाही. ते पाहायला एमआरआय लागतो. मोडतोड न दिसताही मज्जारज्जूला इजा झालेल्या मुलांचं वर्णन पँग आणि विल्बर्गर या डॉक्टरांनी 1982 मध्येच केलं होतं.

मुलांचा मणका लवचिक असतो हे मात्र खरं, आणि घात होतो तो त्यामुळेच. डोकं शरीराच्या मानानं मोठं, मानेचे स्नायू कच्चे, अस्थिबंध सैल. जोराचा झटका बसला की मणके क्षणभर सरकतात, ताणले जातात आणि पुन्हा जागेवर येतात. आतला रज्जू तेवढा ताण सोसू शकत नाही. अर्भकांच्या मृतदेहांवरील जुन्या अभ्यासात पाठीचा कणा सुमारे 5 सेंटिमीटर ताणला तरी टिकला, मज्जारज्जू मात्र जेमतेम 6 मिलिमीटरच्या ताणानं तुटला. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांत ही इजा जास्त गंभीर असते.

जागीच लुळं पडायला हवं, हेही खोटं. काही मुलांना सुरुवातीला नुसती मुंग्यांची किंवा अंगातून वीज गेल्याची जाणीव होते आणि अशक्तपणा काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनीही येतो. मूल म्हणतं, "हात झोपलाय," आणि आपण ते घाबरलंय असं समजतो. कृपा करून तसं समजू नका.

मोठ्यांनाही सूट नाही. मानेचे मणके झिजलेल्या वयस्कर माणसाची मान पडताना मागे झुकली, तर काही न मोडताही पायांपेक्षा हात जास्त लुळे पडू शकतात.

चोळणं आणि चालवणं हा या संदेशातला सर्वांत घातक सल्ला. अशी लक्षणं असतील, किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल, तर मान हलू देऊ नका, रुग्णवाहिका बोलवा. क्षणभर आलेल्या आणि थांबलेल्या मुंग्यासुद्धा डॉक्टरांना सांगा आणि एमआरआय लागेल का, ते स्पष्ट विचारा.