एकत्र बसवलं म्हणजे पाट्या टाकल्या असं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (म्हणजे पोटाचा घेर, बीपी, साखर, रक्तातली चरबी यांतल्या बऱ्याच गोष्टी एकत्र बिघडलेल्या) पेशंटना आठ-दहाच्या गटात बोलावणं ही डॉक्टरांची वेळ वाचवायची पळवाट आहे, तिथे सगळ्यांचे रिपोर्ट चव्हाट्यावर येतात, आणि गोळी सोडली तर बाकी नुसत्या गप्पा. आहारतज्ज्ञ म्हणून मी अशा गटांत काम करते. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी वेळेचं. गर्दीच्या ओपीडीत एकेकाला जेमतेम पाच-सात मिनिटं मिळतात. गटाची बैठक दीड-दोन तास चालते. वजन, बीपी, कंबरेचा घेर प्रत्येकाचा मोजतात, डॉक्टर एकेकाला आडोशाला तपासून औषध ठरवतात, मग सगळे एकत्र बसतात. घेराचंच बघा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. विचारलं की लोक पॅन्टचा नंबर सांगतात. पण पॅन्ट बसते पोटाखाली. टेप धरायची शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. शेजाऱ्याचा आकडा नंबरापेक्षा किती वाढला हे डोळ्यांनी दिसलं की मला वेगळं समजवावं लागत नाही.

आणि गप्पा म्हणाल तर, एखादी ताई म्हणते, "गुरुवारी उपास केला तरी साखर वाढलेलीच." काय खाल्लं? दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी. लगेच दुसरी सांगते, मी आता ताक, काकडी आणि मूठभर शेंगदाण्यांवर भागवते. हे माझ्या छापील तक्त्यापेक्षा जास्त पाळलं जातं. इटलीत तुरिनला टाइप २ मधुमेहाच्या ११२ पेशंटचा पाच वर्षं अभ्यास झाला: एकेकटे तपासायला येणाऱ्यांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) वाढत गेलं, गटात येणाऱ्यांचं वाढलं नाही.

खाजगीपणाची भीती मात्र खरी आहे. संमतीशिवाय कुणाचाही आकडा मोठ्यानं वाचायचा नाही. दारू, लैंगिक त्रास, घरातला ताण हे विषय बंद दाराआडच. जिथे हे पाळत नाहीत तिथे तक्रार कराच. पण लोकांना गट नकोसाच वाटतो, हेही खरं नाही. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या १,००० पेशंटवर प्रयोग झाला, त्यात गटात तपासलेले पेशंट जास्त समाधानी होते.

राहिली गोळी. ज्याला लागते त्याला ती गटातही मिळते, कुणी बंद करत नाही. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा धोका मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं २६.४ टक्क्यांनी कमी झाला, आणि आहार-व्यायामानं २८.५ टक्क्यांनी.