सहा चौकोन आणि त्यांच्यामधले बाण

सर्व्हरलेस, म्हणजे स्वतःचा सर्व्हर न सांभाळता ॲमेझॉनच्या क्लाउड सेवांवर चालणाऱ्या ॲपचा आराखडा फळ्यावर काढायला पाच मिनिटं पुरतात. सोसायटीच्या गळतीच्या तक्रारींचं ॲप घ्या. दर्शनी पानं क्लाउडफ्रंट या पानं पोचवणाऱ्या सेवेवर, मागे एपीआय गेटवे, म्हणजे रिक्वेस्ट आत घेणारं दार. रहिवाशाने चढवलेला फोटो एस-थ्री या फाइलींच्या कोठारातल्या बकेटमध्ये पडणार, लॅम्डा (हाक आली की आपला कोड चालवणारी सेवा) जागी होऊन त्याची छोटी प्रत काढणार, डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये नोंद होणार आणि एसक्यूएस या निरोपांच्या रांगेतून सेक्रेटरींना मेल जाणार. सहा चौकोन, मध्ये बाण. चौकोनांवर माझा काडीचा राग नाही. ते ॲमेझॉनने करून ठेवलेत आणि नीट चालतात. आपल्या वाट्याला येतात ते बाण. प्रत्येक बाण म्हणजे एक परवानगी, एक कालमर्यादा आणि भलतीकडे बोट दाखवणारा एक एरर.

सुरुवात भूगोलापासून. ॲप ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे इथल्या डेटा सेंटरांत, रहिवासी भांडुपचे, गळती तर त्याहून स्थानिक. पण स्वतःचं डोमेन क्लाउडफ्रंटला जोडायचं तर एसीएम या सेवेचं सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट उत्तर व्हर्जिनियातच काढावं लागतं. मुंबईत काढलेलं क्लाउडफ्रंटच्या सर्टिफिकेटांच्या यादीत दिसतच नाही, आणि का दिसत नाही हे यादी सांगत नाही.

लॅम्डाला आपण काही सांगितलं नाही तर १२८ एमबी मेमरी आणि ३ सेकंद मिळतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो मेमरीत उलगडला की नुसता तोच ३६ एमबी होतो. शिवाय पायथन आणि इमेज लायब्ररीचा संसार वेगळा. मेमरी सढळ हाताने द्या, कारण प्रोसेसरही तिच्याच प्रमाणात मिळतो. एक पूर्ण व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) १,७६९ एमबीला पदरात पडतो. फोटो गेटवेतून लॅम्डाकडे पाठवू नका, ६ एमबीच्या वरची रिक्वेस्ट ती घेत नाही. प्रीसाइन्ड यूआरएल, म्हणजे थोड्या वेळापुरती परवानगी असलेली लिंक द्या, ब्राउझर थेट बकेटमध्ये टाकेल. आणि पिलो ही पायथनची इमेज लायब्ररी मॅकवर किंवा विंडोजवर झिप करून चढवू नका. तिच्यातला कंपाइल केलेला भाग लिनक्ससाठीचा लागतो. सॅम या ॲमेझॉनच्या बिल्ड करण्याच्या साधनाला कंटेनरमध्ये, म्हणजे लिनक्सच्या बंदिस्त खोक्यात बिल्ड करायला सांगा, आणि प्रोसेसरचं आर्किटेक्चर आर्म की एक्स-८६ हे बिल्ड आणि लॅम्डा दोन्हीकडे एकच ठेवा.

आता खरा मासला. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोच्या नावात मोकळ्या जागा असतात. एस-थ्री फोटो बिनबोभाट ठेवून घेतं, पण लॅम्डाला वर्दी देताना नाव एन्कोड करतं: मोकळ्या जागेच्या ठिकाणी अधिकचं चिन्ह. नाव मराठीत ‘गळती’ असेल तर टक्क्याची चिन्हंच चिन्हं. कोडने ते नाव जसंच्या तसं बकेटला विचारलं, तर अशी फाइल तिथे नाहीच. मग ‘४०४, सापडली नाही’ असं उत्तर यावं ना? येतं ‘४०३, ॲक्सेस डिनाइड’. लॅम्डाच्या रोलला (तिच्या परवानग्यांचा संच) लिस्टबकेटची, म्हणजे बकेटमधल्या फाइलींची यादी पाहण्याची परवानगी नसेल, तर फाइल आहे की नाही हेसुद्धा एस-थ्री सांगत नाही. अभिलेख कक्षातल्या कारकुनासारखंच: फाइल हरवली असली तरी आधी ‘तुमचा अधिकार काय?’

मग माणूस परवानग्यांच्या मागे लागतो. गेटऑब्जेक्ट, म्हणजे फाइल वाचण्याची परवानगी, दिलंय? दिलंय. एआरएनच्या, म्हणजे ॲमेझॉनकडच्या बकेटच्या पूर्ण नावाच्या शेवटी तिरकी रेघ आणि तारा? आहे. बकेट पॉलिसीत कुठे नकार? नाही. केएमएसची, म्हणजे एन्क्रिप्शनची चावी? तीही आहे. अखेर वैतागून रोलला ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस दिला जातो, आणि सर्वाधिकार हाती आल्यावर एरर बदलतो: ‘नो सच की’, या नावाची फाइलच नाही. म्हणजे दुखणं नावाचं होतं. औषध एका ओळीचं, पायथनचं अनकोट-प्लस, ते नाव पुन्हा मूळ रूपात आणतं. लिस्टबकेट आधीच दिलं असतं तर खरा एरर पहिल्या फटक्यात दिसला असता. फक्त ते बकेटच्या एआरएनवर द्यायचं, तिरकी रेघ-तारा न लावता. ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस काढायला नंतर कोण परत जातं, हा प्रश्न मी कुणाला विचारत नाही. उत्तरादाखल लोक चहाला चला म्हणतात.

छोटी प्रत त्याच बकेटमध्ये ठेवली तर तिचीही वर्दी लॅम्डाला जाते. ती छोटीची छोटी काढते, मग तिचीही. हल्ली हे चक्र सुमारे १६ फेऱ्यांनी आपोआप तोडलं जातं. तरी दुसरी बकेट घ्या.

एसक्यूएसचा व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे उचललेला निरोप रांगेत लपून राहण्याचा वेळ, मुळात ३० सेकंद असतो. तो लॅम्डाच्या टाइमआउटच्या सहापट ठेवावा असं कागदपत्रांत लिहिलंय, आणि ते कागदपत्रांतलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे. एवढं करूनही साध्या रांगेतला निरोप कधीमधी दोनदा पोचतो. तक्रारीचा क्रमांक डायनॅमोडीबीत ‘आधी नसेल तरच’ या अटीवर लिहा, नाहीतर एकाच गळतीचे दोन मेल मिळालेले सेक्रेटरी प्लंबरही दोन बोलावतील.

ब्राउझरने सीओआरएसच्या (एका साइटच्या पानाने दुसरीकडून डेटा मागण्याचे नियम) नावाने लाल ओरड केली तर लगेच विश्वास ठेवू नका. लॅम्डा कोसळली की गेटवे स्वतःच ५०२ हा ‘मागे बिघाड’ सांगणारा एरर देतो, त्यावर सीओआरएसचे हेडर नसतात आणि ब्राउझरला तेवढंच दिसतं. क्लाउडवॉच, म्हणजे लॉग पाहण्याची जागा उघडली तर तिथे बहुतेक डायनॅमोडीबीतून आलेला डेसिमल आकडा जेएसओएन या उत्तराच्या मांडणीत बसत नाही म्हणून अडलेला असतो.

सगळे चौकोन एका फाइलीवरून उभे करणाऱ्या क्लाउडफॉर्मेशनचा पहिलाच डिप्लॉय फसला की स्टॅक, म्हणजे ती सगळी मांडणी, ‘रोलबॅक कम्प्लीट’ला जाऊन बसतो. तो अपडेट होत नाही. डिलीट करून नव्याने मांडायचा. पुढे कधी सगळंच आवरायला घ्याल, तेव्हा बकेट रिकामी नाही म्हणून डिलीटही फसतं. आत चाचणीला चढवलेले गळतीचे फोटो असतात. ते काढा, पुन्हा डिलीट दाबा. लॅम्डाने स्वतः उघडलेले लॉग ग्रुप तरीही मागे राहतात, आणि त्यांची मूळ मुदत ‘नेव्हर एक्स्पायर’ असते.