रक्तातला आकडा आणि गादीतला माइट

पावसाळा लागला की सकाळच्या शिंकांविषयीचा एक संदेश हमखास मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: उठल्याउठल्या शिंका येत असतील, नाक चोंदत असेल तर ‘ॲलर्जी प्रोफाइल’ ही रक्तचाचणी करून घ्यावी, आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड, म्हणजे शरीराने परक्या पदार्थाविरुद्ध तयार केलेले प्रथिन) शंभराच्या वर गेला तर धुळीची ॲलर्जी पक्की समजावी, आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर, ही चाचणी त्वचेवरच्या जुन्या चाचणीपेक्षा अचूक आहे, अहवाल निगेटिव्ह आला तर विषय संपला, पॉझिटिव्ह आला तर कोळंबी-खेकडे ताबडतोब सोडावेत, आणि दर सहा महिन्यांनी चाचणी करून औषध लागू पडते का ते पाहावे. यातले एकही विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मात्र जवळजवळ प्रत्येकात सत्याचा थोडा अंश आहे, आणि म्हणूनच ते वाचणाऱ्याला पटून जाते.

पहिला घोळ ‘धूळ’ या शब्दाचाच आहे. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरची धूळ नाकात गेली की कुणालाही शिंका येतात. ती नाकाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते, ॲलर्जी नव्हे. ज्याला धुळीची ॲलर्जी म्हणतात तिचे मुख्य कारण डस्ट माइट हा आठ पायांचा, मिलिमीटरच्या पाव-तृतीयांश भागाएवढा जीव आहे, हे नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ मध्ये मांडले. हा जीव चावत नाही. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर तो जगतो, पाणी हवेतल्या ओलाव्यातून शोषून घेतो आणि गादी, उशी, गोधडी यांत सुखाने नांदतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा. म्हणजे रस्त्यावरची धूळ आणि गादीतला माइट ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. पण अहवालात ‘हाउस डस्ट’ आणि माइट अशा स्वतंत्र ओळी दिसल्या तरी सहसा कुणी त्यांतला फरक विचारत नाही. ‘हाउस डस्ट’च्या ओळीत माइटसह झुरळ, बुरशी, पाळीव प्राण्यांचा कोंडा असे सगळेच मिसळलेले असू शकते. निदानासाठी पाहायची ती माइटच्या नावाची ओळ.

आता शंभराच्या आकड्याविषयी. आयजीई हे प्रतिपिंड १९६०च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथील इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधले आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला हे नाव मिळाले. संदेशात ज्याचा उल्लेख आहे तो ‘एकूण आयजीई’ म्हणजे रक्तातील या प्रकारच्या सर्व प्रतिपिंडांची बेरीज होय. ती कशाविरुद्ध तयार झाली आहेत, हे त्या बेरजेवरून कळत नाही. पोटातील जंतांमुळे ती वाढते, इसबामध्ये वाढते, फुप्फुसातील ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीत तर हजाराच्या वर जाते. जंतांचा प्रादुर्भाव नित्याचा असलेल्या आपल्यासारख्या देशात या एका आकड्यावरून माइटवर ठपका ठेवणे म्हणजे घरातली एकूण माणसे मोजून पाहुणा कोण ते ओळखण्यासारखे आहे. उलट, माइटची खरी ॲलर्जी असलेल्या काहींचा एकूण आयजीई मर्यादेतही असतो.

माइटविषयी काही सांगू शकतो तो ‘विशिष्ट आयजीई’. या चाचणीत माइटची प्रथिने एका घन पृष्ठभागावर बसवलेली असतात. रुग्णाचा रक्तद्रव त्यावर सोडला की माइटला ओळखणारे प्रतिपिंड तेवढे चिकटून राहते, बाकीचे धुऊन जाते आणि चिकटलेले मोजले जाते. तंत्र उत्तम आहे. प्रश्न आहे तो उत्तराच्या अर्थाचा. अहवाल हातात घेऊन पाहावा: डावीकडे गव्हापासून वांग्यापर्यंत आणि मांजरापासून माइटपर्यंत शंभर-सव्वाशे नावे, उजवीकडे आकडे, आणि ०.३५ किलोयुनिट प्रतिलिटरच्या वरचा प्रत्येक आकडा ठळक अक्षरांत. या ठळक अक्षरांचा अर्थ एवढाच, की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार केला आहे. वैद्यकात याला संवेदीकरण म्हणतात. आजार होण्यासाठी संवेदीकरण लागते, पण संवेदीकरण झालेल्या प्रत्येकाला आजार होतो असे नाही. ज्यांना आयुष्यात कधी त्रास झाला नाही अशा अनेकांच्या रक्तातही माइटविरुद्धचा आयजीई सापडतो. म्हणून आधी रुग्णाची हकिगत ऐकायची, तिच्यावरून चार-सहा संशयित ठरवायचे आणि तेवढ्यांचीच चाचणी करायची, हा क्रम आहे. त्रास बारमाही आहे की ठरावीक महिन्यांत, अंथरूण झटकताना वाढतो का, परगावी गेल्यावर कमी होतो का, या प्रश्नांची उत्तरे रक्ताच्या नळीत नसतात. शंभर पदार्थांची सरसकट तपासणी केली की काही ना काही ठळक अक्षरांत येणारच, आणि मग गव्हाची पोळी विनाकारण ताटातून जाते.

आकडा आणि तीव्रता यांचा संबंधही संदेशात सांगितला आहे तितका सरळ नाही. माइटविरुद्धचा आकडा मोठा असला की खऱ्या ॲलर्जीची शक्यता वाढते, एवढे खरे; परंतु अहवालातील शून्य ते सहा या श्रेणी प्रतिपिंडाच्या प्रमाणाच्या आहेत, त्रासाच्या नाहीत. रक्तातील आयजीईचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्म्यावर येण्याचा काळ, अवघे दोनेक दिवसांचे असते. प्रतिक्रिया घडवून आणणारा आयजीई नाकाच्या आणि श्वासमार्गाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर (ॲलर्जीची लक्षणे घडवणारी रसायने सोडणाऱ्या पेशींवर) कितीतरी अधिक काळ चिकटून बसलेला असतो. दुसऱ्या श्रेणीतला माणूस दम्याने बेजार असू शकतो आणि पाचव्या श्रेणीतल्याला सकाळच्या दोन शिंकांपलीकडे काही होत नाही.

त्वचेवरील टोचचाचणी जुनी आहे, पण बाद झालेली नाही. हाताच्या आतल्या बाजूला माइटच्या अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का ते पाहतात. तुलनेसाठी टोचलेल्या, माइटचा अर्क नसलेल्या थेंबाच्या जागेपेक्षा ती किमान तीन मिलिमीटरने मोठी असेल तर चाचणी सकारात्मक धरतात. माइटच्या बाबतीत तिची संवेदनशीलता, म्हणजे ॲलर्जी असलेल्याला पकडण्याची क्षमता, रक्तचाचणीपेक्षा कमी मानली जात नाही, शिवाय ती स्वस्त असते आणि निकाल तिथल्या तिथे मिळतो. रक्तचाचणीचा लाभ वेगळ्या ठिकाणी आहे: टोचचाचणीचा निकाल झाकणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर थांबवणे शक्य नसेल, इसब अंगभर पसरलेले असेल किंवा नुसते खरवडल्यानेही त्वचेवर वळ उठत असतील, तर रक्तच तपासावे.

निगेटिव्ह अहवालाने विषय संपत नाही. काहींमध्ये आयजीई केवळ नाकाच्या अस्तरात तयार होतो. रक्त आणि त्वचा या दोन्ही चाचण्या कोऱ्या येतात आणि नाकात माइटचा अर्क देऊन केलेल्या चाचणीतच तो उघड होतो. शिवाय ॲलर्जीविना होणारा नाकाचा दाहही असतो, ज्यात गार हवा, उदबत्तीचा धूर किंवा फोडणीचा खाट एवढे पुरते. तोही आजारच आहे आणि त्यालाही उपचार आहेत.

कोळंबीच्या सल्ल्यामागे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन आहे, जे माइट, झुरळ आणि कवचधारी जलचर या सर्वांत सापडते. परंतु माइटची ॲलर्जी असलेल्यांपैकी थोड्याच जणांमध्ये या प्रथिनाविरुद्धचा आयजीई असतो. जो आजवर कोळंबीचे कालवण निर्वेधपणे जेवत आला, त्याने केवळ अहवालातल्या एका ओळीखातर ते सोडण्याचे कारण नाही. कोळंबी खाल्ल्यावर ओठ सुजत असतील किंवा घशात खाज येत असेल, तर गोष्ट निराळी. तिथे अहवालाची वाट पाहत बसू नये.

राहता राहिली सहामाही चाचणी. गोळ्या आणि नाकातील फवारे लक्षणे आटोक्यात ठेवतात. त्यांचा परिणाम या आकड्यात शोधण्यात अर्थ नाही. मूळ प्रतिसादच बदलू पाहणारा उपचार म्हणजे तीन ते पाच वर्षे चालणारी इम्युनोथेरपी. त्यात माइटचा अर्क इंजेक्शनने किंवा जिभेखाली दिला जातो. या उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत माइटविरुद्धचा आयजीई बहुधा वाढतो आणि पुढे सावकाश उतरतो. सहाव्या महिन्यात रक्त तपासून, आकडा चढलेला पाहून जो इम्युनोथेरपी थांबवील, तो नेमका ती अंगी लागत असतानाच थांबवील.