स्पष्ट बोलतो म्हणजे कामाला तयार?

बोलणं स्पष्ट झालं की मेंदूला मार लागलेला माणूस कामावर परतायला हरकत नाही, हे लेखातलं विधान काही पटलं नाही. माझे मेहुणे नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुपरवायझर. द्वारका सर्कलजवळ बाईकवरून पडले, डोक्याला मार. घरी बोलणं पूर्वीसारखंच, भेटायला येणाऱ्यांना वाटे काही झालंच नाही. पण शिफ्ट बदलताना दोघं एकदम बोलू लागले, मागे कॉम्प्रेसर सुरू, की यांचा धागा तुटायचा. उत्तराला वेळ लागायचा, मग चिडायचे. लोक म्हणत, "साहेब फारच तिरसट झालेत." अहो, कपाळामागच्या भागाला मार बसला की लक्ष, संयम, बोलण्याची जुळवाजुळव, सगळ्यावरच परिणाम होऊ शकतो!

स्पीच थेरपिस्टबाईंनी मग शिफ्ट हँडओव्हरचीच, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवण्याचीच, तालीम घेतली, तीही मुद्दाम रेडिओ लावून. समोरच्याचं ऐकायचं, वहीत टिपायचं, परत म्हणून दाखवायचं. त्याचा उपयोग झाला. आणि कायद्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्याला कामावरून काढू देत नाही, पण ते सरकारी आस्थापनांपुरतं. सातपूर-अंबडच्या खासगी कारखान्यातल्या कामगाराला या कलमाचा आधार नाही.